जीपगाडीवरील एरियल : जागा कोठे निवडावी?

जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर येथील रहिवासी पुराच्या पाण्याने वेढले गेले होते. अशा संकटात वीज खंडित होऊन मोबाईलचे मनोरे बंद पडले, तर बचाव पथकाची भिस्त गाडीतील बिनतारी संदेश यंत्रावर असते. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या दुर्गम भागात गस्त घालणाऱ्या वन कर्मचाऱ्यांनाही या यंत्राचा मोठा आधार वाटतो. परंतु यंत्र उत्तम असूनही एरियलची जागा चुकली, तर संदेश पोहोचत नाही.

पत्रा हा एरियलचाच भाग

एरियलची लांबी लहरींच्या लांबीवर ठरते. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरची उभी काठी पुरेशी होते. मात्र ही काठी एकटी कार्य करीत नाही. तिच्या बुडाखालील धातूचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग होय. काठीच्या चहूबाजूंस साधारण तिच्या लांबीइतका पत्रा असला, की लहरी सर्व दिशांना सारख्या पसरतात. म्हणूनच पत्र्याच्या टपाचा मध्यभाग ही सर्वोत्तम जागा ठरते. मागील बंपरवर एरियल लावल्यास गाडीचा सांगाडाच आड येतो आणि पुढील दिशेस संदेश क्षीण होतो.

सागवनातील अडचण

टपावरील काठी फांद्यांत अडकते, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी जागा बदलण्याऐवजी बुडाशी स्प्रिंग असलेली लवचिक काठी घ्यावी. कापडी हूडच्या जीपला पत्र्याचा टप नसतो. तेथे बॉनेटचा काचेलगतचा कोपरा निवडावा. लहरी थोड्या असमान पसरल्या, तरी बंपरपेक्षा ही जागा उंच व सोयीची असते.

जोडणी व तपासणी

बुडाखालील रंग खरवडून धातूचा धातूशी पक्का संपर्क साधावा. छिद्रातून पाणी शिरू नये म्हणून रबरी वायसर बसवावा. केबल दारात चेपली जाऊ देऊ नये. एरियल जोडल्याविना यंत्रातून संदेश पाठवू नये. त्यामुळे यंत्र निकामी होऊ शकते.

शेवटी गाडी मोकळ्या जागी उभी करून तिचे तोंड क्रमाने चारही दिशांना वळवावे आणि प्रत्येक वेळी नियंत्रण कक्षाशी बोलून आवाज कसा येतो ते विचारावे. एका दिशेस आवाज क्षीण येत असेल, तर जागा किंवा जोडणी यांत दोष आहे असे समजावे. ही तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वीच उरकणे हिताचे आहे.