‘तुकडेबंदी उठली’ : बातमी, विधेयक आणि प्रत्यक्ष कायदा

बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली-खामगाव रस्त्यावरचं अमडापूर हे महसूल मंडळाचं गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसं बँक, शाळा, दवाखाना जवळ असावा म्हणून इथे गुंठा-दोन गुंठे जागा घ्यायला बघतात. जुलै 2025 च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याची घोषणा केली आणि गावोगावच्या मोबाइलवर एकच वाक्य फिरायला लागलं : तुकडेबंदी उठली. या तीन शब्दांच्या भरवशावर इसार दिले जातात. म्हणून त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे नीट मांडायला हवं.

सगळ्यात मोठा गैरसमज हाच, की मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं म्हणजे कायदा बदलला. घोषणा म्हणजे सरकारचा इरादा. तो कलमात उतरायला विधेयक लागतं किंवा वटहुकूम. जुलैची घोषणा झाली, पण वटहुकूम निघायला नोव्हेंबर 2025 उजाडला. मधल्या काळात जुनंच कलम जसंच्या तसं लागू होतं. त्या दिवसांत ‘आता चालतं’ म्हणून ज्यांनी व्यवहार केले, त्यांना त्या घोषणेचा कायदेशीर आधार नव्हता.

वटहुकूम म्हणजे काय, हेही पुष्कळांना अर्धवट माहीत असतं. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसेल तेव्हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 खाली राज्यपाल तो काढतात. निघाला त्या दिवसापासून त्याला कायद्याचंच बळ असतं, पण आयुष्य मोजकं असतं. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने त्याच्या जागी कायदा केला नाही, तर तो संपतो. म्हणून वटहुकमाच्या मागोमाग विधेयक येतं. या वटहुकमामागे ते डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनात आलं. विधेयक आधी एका सभागृहात, मग दुसऱ्या सभागृहात मंजूर व्हावं लागतं, त्यावर राज्यपालांची संमती लागते आणि ते राजपत्रात प्रसिद्ध व्हावं लागतं. या पायऱ्या चढल्यावरच त्याला अधिनियम म्हणायचं. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, या साखळीत कुठेच नाही. जीआर कायद्याची अंमलबजावणी कशी करायची ते सांगतो, कायद्याचं कलम त्याने बदलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जीआरचं पहिलं पान आलं म्हणून कायदा फिरला असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं तरी काम फत्ते होतंच असं नाही. महिला-बालकांवरील अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय, म्हणून ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि ती संमती न मिळाल्याने कायदा होऊ शकलं नाही. उलट केंद्राच्या शेती कायद्यांना उत्तर म्हणून जुलै 2021 मध्ये मांडलेली राज्याची तीन विधेयकं लोकांच्या सूचनांसाठी खुली ठेवली गेली आणि केंद्राने आपले कायदे मागे घेतल्यावर राज्यानेही ती मागे घेतली. शेतजमिनीचं मात्र वेगळं आहे. जमीन हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि मालमत्ता हस्तांतरणाची समवर्ती सूचीतली नोंदसुद्धा शेतजमीन वगळूनच लिहिलेली आहे. म्हणून आपल्या वावराचा कायदा मुंबईत आणि नागपुरात घडतो, दिल्लीत नाही.

आता मूळ कायद्याकडे. त्याचं लांबलचक नाव धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम, 1947. तो मुंबई प्रांताचा. त्या वेळी बुलडाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे हा कायदा विदर्भालाही लागू झाला. पिढी दर पिढी वाटण्या होऊन वावर इतकं बारीक होऊ नये की त्यात बैलजोडी वळवणंही अवघड व्हावं, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवलं आणि त्याहून लहान तुकडा पडेल अशी विक्री किंवा वाटणी करायला मनाई केली. हे क्षेत्र पूर्वी जागोजाग वेगवेगळं होतं. 2022 मध्ये मसुदा काढून हरकती मागवल्या आणि ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने ते बागायतीला 10 आर आणि जिरायतीला 20 आर असं केलं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळपास गुंठाच. तेव्हा 20 आर म्हणजे साधारण अर्धा एकर.

इथेच ‘तुकडेबंदी उठली’ हे वाक्य कोसळतं. समजा अमडापूर शिवारात एखाद्याचं एक एकर कोरडवाहू वावर आहे, सोयाबीन-तुरीचं. पोरीच्या लग्नासाठी त्याला त्यातले आठ गुंठे विकायचे आहेत आणि घेणारा तिथे शेतीच करणार आहे. हा व्यवहार नव्या सुधारणेनंतरही बसत नाही, कारण शेतीच्या जमिनीसाठी 20 आरची अट तशीच उभी आहे. सुधारणा झाली ती शेती नसलेल्या वापराकडे गेलेल्या जमिनीबाबत : महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतींच्या हद्दीतली जमीन, प्राधिकरणांच्या क्षेत्रातली जमीन, प्रादेशिक योजनेत निवासी, वाणिज्य किंवा औद्योगिक वापरासाठी दाखवलेली जमीन, आणि गावठाणालगतच्या परिघातली जमीन. अमडापूरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. गावठाणाला लागून दोन गुंठे घेऊन ज्याने घर बांधलं त्याला दिलासा आहे. दूर शिवारात, पांदीच्या टोकाला प्लॉट म्हणून दोन गुंठे घेणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही. जागा विकणारा ‘सगळं मोकळं झालं’ म्हणत असेल, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा : ही जमीन यातल्या कुठल्या क्षेत्रात बसते?

दुसरा प्रश्न तारखेचा. जुने व्यवहार नियमित करण्यासाठी कालावधी ठरलेला आहे : 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024. या काळातल्या आणि वर सांगितलेल्या क्षेत्रांतल्या तुकड्यांना आता पैसे न भरता नियमित मानायचं असं ठरलं. त्याआधी असं नव्हतं. 2017 च्या दुरुस्तीने नियमित करायची वाट उघडली, पण बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरायची होती. आधीच कर्ज काढून घर बांधलेल्या माणसाने जमिनीच्या किमतीचा चौथा हिस्सा पुन्हा कुठून आणायचा? म्हणून 2024 मध्ये ती रक्कम 5 टक्क्यांवर आणली आणि 2025 मध्ये ती पूर्ण काढून टाकली. माझ्या मते हे योग्यच झालं. वर्षानुवर्षं घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबाचं नाव सातबाऱ्यावर नसावं, यात कुणाचंच भलं नव्हतं.

पण ‘आपोआप’ या शब्दाने घात होतो. सातबारा हातात घ्या. एका बाजूला भोगवटादारांची नावं असतात, दुसऱ्या बाजूला ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना. तुकड्याचा व्यवहार नोंदणीकृत असूनही कायदा त्याच्या आड येत होता, तेव्हा घेणाऱ्याचं नाव पुष्कळदा या दुसऱ्या रकान्यात जाऊन बसायचं, किंवा तुकड्याचा शेरा पडायचा. असा खरेदीखत झालेला माणूस आता भोगवटादारांच्या रकान्यात येऊ शकतो आणि शेरा निघू शकतो. ज्याच्याकडे फक्त पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेला कागद आहे, त्याचं तसं नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे 1908 च्या नोंदणी कायद्याने आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ठरवलेलं आहे आणि राज्याच्या या सुधारणेने ते बदललेलं नाही. त्याला मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावाच लागेल. विकणारा हयात असेल तर हे काम आजच्या आज उरकावं. तो गेल्यावर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करणं किती जड जातं, हे गावात कुणालाही विचारा.

आणि तुकडा नियमित झाला म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली, असंही नाही. तो वेगळा कायदा, वेगळा अर्ज.

भावाभावांत तर याहून वेगळाच समज आहे : तुकडेबंदीमुळे वारसांची नावं लागत नाहीत. लागतात. बाप गेल्यावर वारसफेरफार होतो आणि पोरं-पोरी सगळ्यांची नावं सामाईकात चढतात, जमीन कितीही लहान असो. अडतं ते वावर प्रत्यक्ष कापून वेगळं करताना. एखाद्याच्या वाट्याला प्रमाणभूत क्षेत्राहून कमी जमीन येत असेल, तर त्याला त्याच्या हिश्श्याचा मोबदला पैशात द्यावा, असा कायद्याचा रोख आहे. हक्क जात नाही, फक्त त्याचं रूप बदलतं. बहिणींना ‘तुझा तुकडाच पडत नाही, मग हिस्सा कसला’ असं कुणी सांगत असेल, तर ते चूक आहे.

विहिरीचीही एक गोष्ट सांगण्याजोगी, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या बांधाला पाणी आहे, तो दोन-चार गुंठे द्यायला तयार आहे, पण ‘तुकड्यात बसत नाही’ म्हणून दोघंही गप्प बसतात. मार्च 2024 च्या सुधारित नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने विहिरीसाठी पाच आरपर्यंत जमीन हस्तांतरित करायची वाट उघडली आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला लागतो आणि ती जमीन विहिरीच्या वापरापुरतीच, अशी नोंद सातबाऱ्यावर होते. शेतरस्त्यासाठी आणि शासनाच्या घरकुलासाठीही अशीच सोय आहे. हे विधेयकाने नव्हे, नियमांनी झालं. कायद्याच्या पोटात नियम असतात आणि पुष्कळदा आपलं काम त्यांतच अडकलेलं किंवा सुटलेलं असतं.

विधेयक वाचायला वकीलच लागतो, हेही मला पटत नाही. सुधारणा विधेयक बहुतेक चार-सहा पानांचं असतं. त्यात अख्खा कायदा नसतो, फक्त मूळ कायद्याच्या अमुक कलमात अमुक मजकुराऐवजी अमुक मजकूर दाखल करावा, असं लिहिलेलं असतं. नुसतं तेवढं वाचलं तर काही कळत नाही, म्हणून लोक सोडून देतात. पण मागची पानं उलटा. तिथे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, म्हणजे हा बदल का हवा ते सरळ मराठीत. आणि जोडपत्रात मूळ कलमाचा उतारा असतो. उतारा एका हाताला, विधेयक दुसऱ्या हाताला ठेवून पेन्सिलीने जुने शब्द खोडायचे आणि नवे भरायचे. दहावी झालेलं पोरगं हे करू शकतं. विधेयकं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात.

‘आपल्याला कोण विचारतं’ हा शेवटचा समज. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै 2025 मध्ये मंजूर होण्याआधी समितीने मसुद्यात बदल केले. ते बदल पुरेसे होते की नव्हते यावर तीव्र मतभेद आहेत, पण सूचना आल्या नसत्या तर मसुदा तसाच राहिला असता. प्रमाणभूत क्षेत्राच्या मसुद्यावरही हरकती मागवल्या होत्या. पुढच्या वेळी अशी सूचना निघाली, की अमडापूरच्या ग्रामसभेने तो विषय पत्रिकेवर घ्यावा, ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, बोलवावं, गावठाणाचा नकाशा टेबलावर पसरावा आणि परिघात कुणाकुणाची घरं येतात, कुणाची राहतात, हे मुदतीच्या आत लेखी कळवावं.