लहान रणगाड्याचा खरा रंग

ज्या घरांत पांचसात मुलें एकत्र वाढत असतात, त्या घरांत सुटीच्या दिवसांत प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानें, जहाजें व रणगाडे तयार करण्याचा उद्योग केव्हांना केव्हां तरी शिरतोच. आणि एकदां शिरला म्हणजे तो मुलांपुरता रहात नाहीं, वडील माणसेंही चष्मा पुसून हळूच त्यांत हात घालूं लागतात, असा आमचा अनुभव आहे. भाग जुळविणें फारसें कठीण नाहीं. खरी परीक्षा पुढें रंगाच्या वेळीं होते. हुबेहूब जुळविलेला रणगाडा रंग चढतांच खेळणें होऊन बसतो, आणि असें कां व्हावें हें रंगविणारासही उमगत नाहीं. तें कां होतें व कसें टाळावें, एवढेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

हल्लीं रणगाड्यांच्या प्रतिकृति बहुधा मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या असतात. हें चमत्कारिक प्रमाण कोणा गणित्यानें ठरविलेलें नाहीं. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९६२ च्या सुमारास जर्मनांच्या पँथर रणगाड्याची प्रतिकृति काढली, तेव्हां तिच्या पोटांत मोटर व बॅटऱ्या मावाव्या एवढा आकार धरला; मागाहून मोजतां तो एकास पस्तीस भरला! परंतु रंगविणाराच्या सर्व अडचणी या एका आंकड्यांत सांठविलेल्या आहेत. प्रतिकृतीवर आपण एक मिलिमीटरचा ओरखडा काढला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरांचा झाला. मोहरीएवढा चिखलाचा कण म्हणजे सहासात सेंटिमीटरांचें ढेकूळ. जाड कुंचल्यानें दिलेला दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे साडेतीन मिलिमीटर जाडीचें लिंपण; तशा थराखालीं खिळ्यांचीं डोकीं व सांधे बुजून जातात. म्हणून रंग पातळ करून दोनतीन हातांनीं द्यावा. एअरब्रश असल्यास फारच उत्तम.

दुसरी गोष्ट छटेची. खऱ्या रणगाड्याचा रंग मिळवून तोच जसाच्या तसा दिला, तर प्रतिकृति काळवंडलेली दिसते. ती आपण एका फुटावरून पाहतों, म्हणजे मूळ रणगाडा पस्तीस फुटांवरून पाहिल्यासारखें झालें. आणि अंतरानें रंग फिके पडतात हें कोणताही चित्रकार सांगेल. याकरितां मूळ रंगांत थोडी फिकट छटा मिसळावी लागते. कित्येक हौशी मंडळी छटेच्या नंबरावरून हातघाईवर येतात, त्यांची आम्हांस मौज वाटते. जर्मन सैन्यांत १९४३ च्या फेब्रुवारींत करड्या रंगाऐवजीं गडद पिवळा हा मूळ रंग ठरला, व त्यावर पट्टे ओढण्यासाठीं हिरव्या आणि तांबूस रंगाचा घट्ट लगदा डब्यांतून पलटणींस दिला जाई. तो पाण्यांत किंवा पेट्रोलांत कालवून, जें साधन हातीं असेल त्यानें फांसावयाचा. कोणी पातळ कालवी, कोणी दाट. अशा स्थितींत शेजारशेजारच्या दोन रणगाड्यांचे रंग जुळत नसत, मग आमच्या बाटलीवरील नंबराची काय मातबरी?

यापुढें खुणांचें काम. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील शेपर्ड पेन व बेल्जममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनीं दोन सोप्या युक्त्या घरोघर पोंचविल्या. पहिली, तपकिरी रंगाचें अगदीं पातळ पाणी सांध्यांत व खोबणींत सोडणें, म्हणजे तेथें सांवली पडल्यासारखी दिसते. दुसरी, कुंचला जवळजवळ कोरडा पुसून कडांवरून फिकट रंग हलकेच फिरविणें. पुढें स्पॅनिश कारागिरांनीं यांत पुष्कळ भर घातली. रंगाच्या दोन थरांमध्यें केंसांवर मारावयाच्या हेअरस्प्रेचा हात द्यावा, वरचा ॲक्रिलिक रंग सुकल्यावर पाण्यानें भिजवून ब्रशानें घासावा, म्हणजे तो ठिकठिकाणीं निघून खालचा दिसूं लागतो. रशियांतील हिंवाळ्यांत रणगाड्यांना फांसलेली पांढरी सफेती अशीच झिजून जाई. ती दाखविण्यास याहून चांगला उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु युक्त्या हातीं आल्या म्हणजेच घात होतो. दिसेल तेथें गंज, दिसेल तेथें चिखल! वस्तुतः प्रत्येक डागाला कांहीं कारण पाहिजे. सैनिक जेथून चढतात, तेथली कड झिजेल; झांकणाच्या भोंवतीं बुटांचे घासे दिसतील; इंधन ओततात त्या तोंडाखालीं तेलकट ओघळ येईल. धूळ आडव्या पृष्ठभागावर बसेल, उभ्या भिंतीवरून पावसानें तिच्या रेघा उतरतील. धूर जाण्याचें नळकांडें तापून तापून खरेंच गंजतें. उलट चालत्या रणगाड्याच्या साखळीचा जो भाग जमिनीला घासतो तो पोलादासारखा चकाकत असतो. तिला सरसकट तांबडा रंग देणें चूक होय. आणि आघाडीवरचे कित्येक रणगाडे कांहीं आठवड्यांतच निकामी होत. त्यांच्या जाड पत्र्यांवर वर्षानुवर्षांचे गंजाचे पापुद्रे येणार कोठून?

आम्हीं स्वतः हें फार उशिरा शिकलों. सहा आठवडे खपून तयार केलेल्या टायगर रणगाड्यावर शेवटच्या संध्याकाळीं आम्हीं टर्पेंटाइनमध्यें कालविलेलें तपकिरी पाणी सोडलें. मूळ रंग इनॅमलचा, त्यावर ॲक्रिलिक वॉर्निशाचा थर देण्याचा आळस केलेला! टर्पेंटाइननें इनॅमल विरघळविलें, आणि बुरुजाची एक बाजू अस्तरासकट पुसली गेली. घरांतील मुलें पहात उभीं होतीं. कोणी हंसलें नाहीं, तेंच अधिक लागलें. तेव्हांपासून वॉर्निश पुरतें सुकल्यावांचून आम्ही टर्पेंटाइनच्या बाटलीस हात लावीत नाहीं. (ही बाटली उघडण्यापूर्वीं खिडकी उघडावी व देवघरांतील समईपासून दूर बसावें.)

ज्यांस खरे रणगाडे पहावयाचे असतील त्यांनीं नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जावें. तेथील रणगाडा-संग्रहालय १९९४ सालीं सुरू झालें; सेंच्युरियन वगैरे अनेक देशांचे रणगाडे तेथें उघड्यावर मांडलेले आहेत. सांधे, खिळे, पत्र्याचा खरबरीतपणा हीं पाहून घ्यावीं. रंग मात्र उतरून घेऊं नये, कारण जतन करण्यासाठीं ठेवलेल्या रणगाड्यांस वरचेवर नवा रंग द्यावा लागतो. पुना हॉर्स पलटणीनें १९७१ च्या डिसेंबरांत बसंतर नदीकांठीं सेंच्युरियन रणगाड्यांनिशीं मोठी लढाई दिली. तो रणगाडा करावयाचा तर चाकांना नदीकांठचा करडा ओला गाळ हवा, राजस्थानची पिवळी वाळू नव्हे. रंगाची कोरडी पूड मिळाली नाहीं तर चित्रकलेचे पेस्टल खडू चाकूनें खरवडून घ्यावे. घरांतला गेरू आम्हीं वापरून पाहिला. तो फार तांबडा पडतो.

शेवटीं मंद वॉर्निशाचा एक हात द्यावा, पूड मात्र त्यानंतर लावावी, नाहींतर ती वॉर्निशाखालीं दिसेनाशी होते. आणि सर्व वाळल्यावर रणगाडा कांचेच्या पेटींत ठेवावा. कपाटावर उघडा ठेवल्यास आठवड्याभरांत त्यावर घरची धूळ बसते, व ती कांहीं पस्तिसाव्या हिश्शाची नसते.