आयटीआयनंतरचे एक वर्ष

दहावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहात पालकांची ये-जा वाढते. मुलगा पास झाला, आता पुढे काय? उत्तर हाताशी नसेल तर दिवाळीनंतर तोच मुलगा ऊसतोडीच्या टोळीत किंवा गुजरातेत एखाद्या बांधकामावर दिसतो. म्हणून या अंकात इलेक्ट्रिशियनच्या वाटेविषयी लिहीत आहे, आणि त्यातही पालकांना कमी ठाऊक असलेल्या भागाविषयी.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्याला दहावी उत्तीर्ण, विज्ञान व गणितासह, असे लागते. वायरमनच्या अभ्यासक्रमाला दहावी नापास मुलगाही अर्ज करू शकतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रवेश गुणांवर मिळतो आणि अनुसूचित जमातीसाठी जागा राखीव असतात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत आहे.

खरी अडचण नंतर येते. दोन वर्षांत मुलगा बोर्डावर वायरिंग शिकतो, मोटर खोलून जोडतो, अर्थिंगचे माप घेतो. पण कारखान्यातला ४१५ व्होल्टचा थ्री फेज पॅनेल बंद पडला की काय करायचे, हे तिथेच उभे राहून शिकावे लागते. अमेरिकेत हे शिक्षण कामगार संघटना आणि ठेकेदार मिळून देतात. तिथला उमेदवार पहिल्या दिवसापासून पगारावर असतो आणि साधारण पाच वर्षांनी पूर्ण कारागीर होतो. आपल्याकडे संघटना हे काम करीत नाहीत. आपला आधार १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे.

या कायद्याने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय झालेल्या मुलाला बहुधा एक वर्षाची उमेदवारी मिळते. २०१९ च्या नियमांत त्याचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरले. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतील आस्थापनांत यातला सरकारी वाटा, १,५०० रुपयांपर्यंत, २०२३ पासून थेट मुलाच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे आधीच पाहून घ्या. एवढ्या पैशात शहरात खोली, जेवण आणि प्रवास भागवणे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. कंपनीजवळ नातेवाईक असले तर बरे.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो करार. मुलगा १८ वर्षांखालील असेल तर त्यावर पालकांची सही लागते. ती सही वाचल्याशिवाय करू नका. वाचता येत नसेल तर कागद आमच्याकडे घेऊन या. हा करार शासनाच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला असतो. गेल्या वर्षी एका ठेकेदाराने आमच्या भागातील दोन मुलांना "अप्रेंटिस" म्हणून नेले. करार नव्हता, खाते नव्हते, नगावर पैसे मिळत आणि रात्री उशिरापर्यंत काम चाले. कायद्यात शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देण्यास मनाई आहे, आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेशिवाय जादा वेळ कामही करून घेता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. मात्र कायद्याच्या दृष्टीने तो प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. म्हणून कामगारांचे इतर हक्क त्याला आपोआप लागू होत नाहीत.

जागा कुठे शोधायच्या? महावितरण, एसटी महामंडळ, रेल्वे यांच्या जाहिराती निघतात. रेल्वेत लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. नोकरीची हमी कुणीही देत नाही, पण रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पुढे लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. वर्षाच्या शेवटी परीक्षा होते व राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. ज्याला गावी परतून घरांची वायरिंग करायची आहे, त्याने राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढावा.

अर्जाच्या वेळी जातीचा दाखला नाही म्हणून हातची जागा गेलेली मी पाहिली आहे. दाखल्याचे काम निकालाची वाट न पाहता, मुलगा नववीत असतानाच तहसील कचेरीत सुरू करा.