स्तनांची असमानता : जुनी कोणती, नवी कोणती?

दोन्ही स्तन मापाने तंतोतंत सारखे असलेली स्त्री क्वचितच आढळते. दोन पावले किंवा चेहऱ्याच्या दोन बाजू यांत जसा थोडा फरक असतो, तसाच तो स्तनांतही असतो. असा फरक हा आजार नव्हे आणि व्यंगही नव्हे. तरीही अनेक स्त्रिया ही काळजी वर्षानुवर्षे मनातच ठेवतात. दुसरीकडे, ज्या फरकाची तातडीने तपासणी व्हायला हवी, तो 'पूर्वीपासूनच असेल' असे समजून दुर्लक्षिला जातो. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठीभाषक भगिनींसाठी असलेल्या या पत्रकाचा हेतू या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हा आहे.

तो भेद ओळखण्यासाठी प्रथम एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा फरक केव्हापासून आहे? वयात येतानापासून असलेला आणि वर्षानुवर्षे तसाच राहिलेला फरक बहुधा निरुपद्रवी असतो. प्रौढ वयात, काही आठवड्यांत वा महिन्यांत नव्याने दिसू लागलेला फरक मात्र डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे, मग तो दुखत असो वा नसो.

वाढीच्या वयातील मुली

मुलींच्या स्तनांची वाढ साधारणतः ८ ते १३ या वयात सुरू होते. ती दोन्ही बाजूंना एकाच दिवशी सुरू होत नाही. एका स्तनाग्राखाली चकतीसारखा कठीण, हात लावताच दुखणारा उंचवटा येतो आणि दुसरी बाजू काही महिने सपाटच राहते. आई घाबरते व त्याला 'गाठ' समजते. ती गाठ नसून स्तनाची कळी असते. येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे : ही कळी कापून काढू नये आणि विनाकारण तिचा तुकडा तपासणीसाठी घेऊ नये. पुढचा संपूर्ण स्तन याच कळीपासून तयार होतो. ती गेली तर त्या बाजूची वाढ कायमची खुंटते. शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे व वाट पाहावी. वाढ पूर्ण होईपर्यंत बहुतेक मुलींमधील फरक बराच कमी होतो. आठ वर्षांपूर्वीच वाढ सुरू झाली, किंवा तेराव्या वर्षापर्यंत ती दोन्ही बाजूंना सुरूच झाली नाही, तर सल्ला घ्यावा. किशोरवयात एक स्तन झपाट्याने, काही आठवड्यांतच मोठा होऊ लागल्यासही सल्ला घ्यावा. अशा वेळी तेथे बहुधा कर्करोग नसलेली, पण वेगाने वाढणारी तंतुग्रंथीची गाठ असते व ती शस्त्रक्रियेने काढता येते.

या कळीला इजा पोहोचण्याची काही कारणे आपल्याच घरांत आहेत. जन्मानंतर आईच्या संप्रेरकांच्या प्रभावाने मुलगी असो वा मुलगा, बाळाची छाती थोडी सुजते आणि क्वचित दुधासारखे थेंबही येतात. ही सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते. परंतु तेल लावताना बाळाची छाती पिळून ते 'दूध' काढून टाकण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. त्यामुळे जंतुसंसर्ग होतो, पू होतो आणि मुलीच्या बाबतीत स्तनाची कळी नष्ट होऊ शकते. त्याचा परिणाम बारा-तेरा वर्षांनी दिसतो, तेव्हा कारण कोणाला आठवतही नाही. बाळंतिणीकडे येणाऱ्या मालिशवाल्या बाईंना आणि घरातील आजींनाही हे आदरपूर्वक पण स्पष्टपणे सांगावे. गरम दूध, चहा किंवा आमटी अंगावर सांडून लहानपणी छाती भाजली असल्यास तेथील ताठर व्रण पुढे स्तनाला वाढू देत नाही. अशा मुलीला वयात येण्याच्या सुमारास प्लास्टिक सर्जनकडे न्यावे. व्रण वेळीच सैल केल्यास खालील स्तनाला वाढण्यास वाव मिळतो.

काही वेळा फरक स्तनात नसून त्याखालील सांगाड्यात असतो. पाठीच्या कण्याला बाक असल्यास किंवा छातीच्या फासळ्या एका बाजूने पुढे आलेल्या असल्यास स्तन असमान दिसतात. जन्मतःच एका बाजूचा छातीचा स्नायू अपुरा असणे, ज्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात, हेही एक विरळ कारण आहे. त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड वा जुळलेली असल्यास त्याचा संशय घ्यावा. किशोरवयीन मुलांतही एका बाजूला छाती फुगणे सामान्य असून बहुधा एक-दोन वर्षांत ते ओसरते.

अंगावर पाजताना

बाळाची एखादी बाजू आवडीची असते. त्या बाजूला अधिक दूध तयार होते आणि तो स्तन मोठा दिसतो. प्रत्येक वेळी लहान बाजूने पाजण्यास सुरुवात करावी. दूध सुटल्यावर, म्हणजे पाजणे पूर्णपणे थांबल्यावर, फरक बहुधा कमी होतो. त्यासाठी पाजणे थांबवू नये. एक बाजू लाल, गरम होऊन ताप आला तर डॉक्टरांकडे जावे, पण त्या बाजूने पाजत राहावे. दूध तुंबू दिल्यास त्रास वाढतो.

नवा फरक

पुढील बदल एका बाजूला नव्याने दिसल्यास पुढच्या पाळीची वाट पाहत बसू नये : स्तनाचा आकार बदलणे, मोठा होणे किंवा उलट आक्रसून वर ओढला जाणे, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, स्तनात किंवा काखेत गाठ लागणे. एक स्तन लहान होणे हेही कर्करोगाचे लक्षण असू शकते, याची कल्पना फार थोड्या जणींना असते. स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही, म्हणून 'दुखत नाही तर काळजी नाही' हा समज घातक ठरतो. असे सर्व बदल कर्करोगाचेच असतात असे नाही. गळू, साधी गाठ आणि आपल्या देशात क्वचित क्षयरोगही अशा रूपात दिसतो. निदान मात्र तपासणीनेच होते. तरुण वयात प्रथम सोनोग्राफी, चाळिशीनंतर तिच्या जोडीला मॅमोग्राफी आणि आवश्यक तेथे सुईने घेतलेला नमुना, असा साधारण क्रम असतो. सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे.

हाताने केलेल्या तपासणीचे मोल कमी समजू नये. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी शासकीय केंद्रांत उपलब्ध आहे.

उपचार

निरुपद्रवी असमानतेला उपचार लागतोच असे नाही. ब्रा मोठ्या बाजूच्या मापाने घ्यावी आणि लहान बाजूला पॅड ठेवावे. कटोरी ब्लाऊज शिवताना शिंपिणीला एका कटोरीत अस्तराचा जादा थर देण्यास सांगता येते. अनुभवी शिंपिणीला हे नवे नसते. स्तन वाढवणारी तेले, मलमे, गोळ्या आणि यंत्रे यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. व्यायामाने स्तनाखालील स्नायू बळकट होतो, पण स्तनाची ग्रंथी वाढत नाही.

फरक मोठा असेल, खांदा-पाठ दुखत असेल किंवा मनाला सतत टोचणी लागली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करणे यात गैर काहीच नाही. मोठा स्तन लहान करणे, लहान स्तनात शरीरातीलच चरबी भरणे किंवा सिलिकॉनचे रोपण बसवणे हे त्यातील मार्ग आहेत. वाढ पूर्ण होऊन माप किमान वर्षभर स्थिर राहिल्यावरच निर्णय घ्यावा. व्रण राहतात, सिलिकॉनचे रोपण आयुष्यभर टिकत नाही, पुढे ते बदलावे लागू शकते, स्तन लहान केल्यावर अंगावर पाजण्याची क्षमता कमी होऊ शकते. हे सर्व शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. विवाह ठरल्यामुळे घाईने शस्त्रक्रिया उरकण्याचा आग्रह कोणी धरत असेल, तर तो मानू नये. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट नाही; कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. या विषयाने मन खचत असल्यास १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे मध्यवर्ती केंद्र बेंगळुरूतील निम्हान्स हेच आहे.

बेंगळुरूत कोठे जावे

प्रथम घराजवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून आवश्यकतेनुसार वाणी विलास किंवा बाउरिंग रुग्णालयात, आणि कर्करोगाचा संशय असल्यास १९७३ मध्ये स्थापन झालेल्या किदवई स्मारक संस्थेत पाठवले जाते. स्त्री डॉक्टरांकडूनच तपासणी व्हावी अशी इच्छा असल्यास तसे आधीच सांगावे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तेव्हा खोलीत परिचारिका वा आपली नातलग स्त्री हजर असावी. कन्नड येत नसले तरी अडू नये : 'स्तन' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, गाठीला 'गंटु', दुखण्याला 'नोवु', डाव्या बाजूला 'एड' आणि उजव्या बाजूला 'बल' म्हणतात. सोबत जुने सोनोग्राफीचे अहवाल, शेवटच्या पाळीची तारीख, घरात आई, मावशी, आत्या वा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असल्यास त्याची माहिती आणि फरक प्रथम केव्हा लक्षात आला तो महिना लिहून न्यावा.