क्लोरिनयुक्त कीटकनाशकांचे धातुयुक्त जैवरेणूंद्वारे विघटन

क्लोरिनयुक्त कीटकनाशकांचे धातुयुक्त जैवरेणूंद्वारे विघटन ही एक रासायनिक प्रक्रिया आहे. तीत लोह, कोबाल्ट किंवा निकेल असलेले सजीवांतील रेणू डीडीटी, लिंडेन यांसारख्या कीटकनाशकांतील क्लोरिनचे अणू काढून टाकतात. ही कीटकनाशके जमिनीत दीर्घकाळ टिकतात व प्राण्यांच्या चरबीत साठतात. म्हणून या प्रक्रियेला महत्त्व आहे.

स्वरूप

रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीम या घटकात लोह, ब-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट, तर मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांतील एफ-४३० या सहविकरात निकेल असते. क्षपण झालेला धातू कीटकनाशकाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे कार्बन-क्लोरिन बंध तुटून क्लोरिन क्लोराइडच्या रूपात बाहेर पडतो. डीडीटीमधील ५ पैकी एका क्लोरिनच्या जागी हायड्रोजन आल्यास डीडीडी तयार होते. गायीच्या कोटीपोटातील द्रव आणि क्षपित पॉर्फिरिन यांमुळे हा बदल घडतो, असे १९६५ मध्ये दाखवण्यात आले. ब-१२ जीवनसत्त्व लिंडेनमधील क्लोरिन टप्प्याटप्प्याने काढते. त्यातून क्लोरोबेंझिन तयार होते.

परभणी जिल्ह्यातील जमिनी

परभणी जिल्ह्यात कापूस हे महत्त्वाचे पीक असून येथील काळी जमीन चिकणमातीयुक्त आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडून हवा आत शिरते, तर पावसाळ्यात सखल भागात पाणी साचल्यास मातीतील ऑक्सिजन घटतो. ऑक्सिजन हाच इलेक्ट्रॉन घेत असल्याने हवेशीर मातीत वरील प्रक्रिया मंदावते. तेथे डीडीटीपासून मुख्यतः डीडीई बनते. पाणी साचलेल्या व सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीत मात्र क्षपणास अनुकूल स्थिती असते.

मर्यादा

क्लोरिन निघाला म्हणजे विषारीपणा संपला असे नाही. डीडीडी व डीडीई हेही चिवट प्रदूषक आहेत. त्यामुळे केवळ मूळ कीटकनाशकाचे प्रमाण मोजून जमीन शुद्ध झाली असे ठरवता येत नाही. मधली उत्पादितेही तपासावी लागतात. क्षपणानंतर उरलेल्या कमी क्लोरिनयुक्त पदार्थांचे पुढील विघटन बहुधा ऑक्सिजन वापरणारे जीवाणू करतात.

कायदेशीर स्थिती

भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. कापसावर मोठ्या प्रमाणात वापरले जाणारे एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले.