छायाचित्र-दुरुस्तीसाठी संगणकाची निवड

पूर्वी छायाचित्रातील दोष काढण्याचे काम हाताने होत असे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल आणि छापील फोटोवर बारीक कुंचला चालवून कारागीर डाग व ओरखडे झाकत असत. आज हे काम संगणकावर होते. जुने फाटके फोटो पूर्ववत करणे, ओळखपत्रांचे फोटो तयार करणे, लग्नाचे अल्बम सजवणे ही कामे अनेकांच्या उपजीविकेचे साधन झाली आहेत. मात्र असा व्यवसाय सुरू करणाऱ्याचे भांडवल बहुधा बेताचे असते. पुष्कळदा ते कर्जाऊ घेतलेले असते. म्हणून पैसा कोठे खर्चावा आणि कोठे वाचवावा, हे खरेदीपूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

छायाचित्र संगणकात किती जागा व्यापते, याचा हिशेब प्रथम पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात सुमारे २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांची नोंद ठेवावी लागते. एका रंगाला एक बाइट धरला, तर उघडलेले चित्र ७२ मेगाबाइट जागा घेते. दुरुस्तीसाठी त्यावर पूर्ण आकाराचे दहा थर रचले, तर हीच जागा सुमारे ७२० मेगाबाइट होते. चुकलेली कृती मागे घेता यावी म्हणून आधीच्या अवस्थाही स्मृतीत जपल्या जातात. ही तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडली की संगणक अडखळू लागतो. यासाठी रॅम किमान ८ गिगाबाइट असावी. १६ असल्यास काम सुकर होते. आज तेवढी ऐपत नसेल, तर पुढे रॅम वाढवण्याची सोय असलेला संगणक घ्यावा.

रॅम भरली की संगणक साठवणुकीच्या डिस्कचा आधार घेतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी कितीतरी वेगवान असते. म्हणून चालू कामासाठी लहान एसएसडी आणि जुनी चित्रे साठवण्यासाठी स्वस्त हार्ड डिस्क, अशी विभागणी किफायतशीर ठरते.

तथापि, सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पडद्याकडे. पडदा निळसर असेल, तर चेहऱ्याचा रंग योग्य असूनही फिका भासतो. कारागीर त्यात पिवळा रंग वाढवतो आणि छापून आलेली नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते! मग तो अल्बम स्वखर्चाने पुन्हा छापावा लागतो. संगणक संथ असेल तर वेळ जातो. पडदा फसवा असेल तर गिऱ्हाईक जाते. यास्तव बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा आयपीएस प्रकारचा पडदा घ्यावा. तो एसआरजीबी या प्रचलित रंगमानातील जवळजवळ सर्व रंग दाखवतो ना, याची खात्री करावी. पडद्यावर थेट ऊन पडू देऊ नये. एक नमुना छापून तो पडद्याशी ताडून पाहावा.

बचतीच्या जागाही पुष्कळ आहेत. झगमगते दिवे लावलेली पेटी अनावश्यक आहे. साध्या दुरुस्तीला मध्यम प्रतीचा प्रोसेसर पुरतो आणि खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या नव्या सुविधा रोज वापरायच्या असतील, तरच त्याचा विचार करावा. गिंप हे चित्रसंस्करणाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. कार्यालयांनी बदललेले, तपासून विकले जाणारे संगणकही उपयोगी पडतात. मात्र विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्यामुळे जुन्या संगणकावर विंडोज ११ चालते का, हे विचारावे; न चालल्यास लिनक्स वापरता येते.

थोडक्यात, प्रथम पडद्याची रक्कम बाजूला काढावी, नंतर रॅम व एसएसडी पाहावी आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवावे. वीज अचानक गेल्यास काम वाया जाऊ नये म्हणून यूपीएस घ्यावा आणि प्रत्येक चित्राची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. कोणाच्या तरी दिवंगत आजीचा तो एकमेव फोटो असू शकतो. तो विश्वासाने हाती देणाऱ्याला यंत्राची किंमत ठाऊक नसते. त्याला आजीचा चेहरा ओळखीचा दिसायला हवा असतो.