काळी पडते ती गाठ निरोगी

काखेत किंवा जांघेत गाठ आली की मराठीत ‘अवधाण आलं’ म्हणतात. पायाची जखम चिघळली की जांघेतली लसिकाग्रंथी सुजते, हे शरीरशास्त्र न शिकताही लोकांना ठाऊक होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात डॉक्टरांना छळणारा प्रश्न याच ग्रंथींचा असतो: ओटीपोटातल्या नेमक्या कोणत्या ग्रंथीत रोग शिरला आहे? सीटी आणि साधा एमआरआय याचं उत्तर मुख्यतः आकारावरून देतात. पण ग्रंथी कर्करोगाविनाही सुजते, आणि कर्करोग लहानशा ग्रंथीतही दडून बसतो. फेरुमॉक्सट्रान-10 हे द्रव्य आकाराऐवजी ग्रंथीचं काम तपासतं. डेक्स्ट्रान या शर्करेचं आवरण असलेले लोहऑक्साइडचे हे कण सुमारे 30 नॅनोमीटरचे असतात. ते शिरेतून सावकाश सोडायचे आणि एक दिवस थांबायचं. तेवढ्यात ते रक्तातून लसिकेत झिरपतात आणि ग्रंथीतल्या भक्षकपेशी त्यांना गिळतात. लोहामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं, म्हणून निरोगी ग्रंथी एमआरआयमध्ये काळी दिसते. जिथे कर्करोगाने भक्षकपेशींची जागा बळकावली, तो भाग उजळच राहतो.

म्हणजे हा कण कर्करोगाच्या गाठीचा माग काढतच नाही, आणि माझ्या मते त्याचं सगळं शहाणपण यातच आहे. नॅनोकणांच्या क्षेत्राचं आवडतं स्वप्न याच्या उलट आहे: सोन्याच्या कणावर प्रतिपिंड चिकटवायचं आणि त्याने थेट गाठ हुडकून काढायची. सोन्याची बाजू लंगडी नाही. त्याचा अणुक्रमांक 79, सीटीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या आयोडिनचा 53; क्ष-किरण ते अधिक अडवतं, आणि 2006 साली उंदरांवरच्या प्रयोगात 1.9 नॅनोमीटरच्या सुवर्णकणांनी गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दाखवल्याही. पण 2016 साली टोरोंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं 0.7 टक्के. बाकीच्यांपैकी बरेचसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात, कारण परकं काही दिसलं की ते गिळणं हेच तिथल्या भक्षकपेशींचं काम. लोहाच्या कणाने या खादाडपणाशी भांडण न करता त्यालाच साक्षीला उभं केलं. 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 80 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रोग असलेल्या 63 ग्रंथी निघाल्या. त्यांतल्या 45 नेहमीच्या निकषांत बसतच नव्हत्या. साध्या एमआरआयने रोगट ग्रंथींपैकी 35.4 टक्के ओळखल्या, लोहकणांच्या मदतीने 90.5 टक्के.

चित्र स्पष्ट आलं की झालं, असं मात्र नाही. थोरियम डायऑक्साइडच्या अशाच सूक्ष्म कणांचं थोरोट्रास्ट 1930 नंतर सर्रास वापरलं गेलं. चित्रं सुरेख येत. कण यकृतात आयुष्यभर मुक्कामाला राहिले, अल्फा किरण सोडत राहिले, आणि काही दशकांनी त्या रुग्णांपैकी अनेकांना यकृताचे कर्करोग झाले. सोनं किरणोत्सर्गी नाही, हे खरं. तरी मूत्रपिंडातून गाळून जायला कण साधारण साडेपाच नॅनोमीटरहून लहान असावा लागतो. त्याहून मोठ्या सुवर्णकणाचं काय करायचं हे शरीराला कळत नाही. लोहाचा संसार शरीरात आधीपासूनच मांडलेला आहे. साठ किलोच्या माणसाला या तपासणीत सुमारे 156 मिलिग्रॅम लोह मिळतं, म्हणजे रक्ताच्या एका बाटलीतल्यापेक्षा कमी, आणि भक्षकपेशी ते हळूहळू रक्तनिर्मितीच्या साठ्यात जमा करतात.

मग हे द्रव्य घरोघरी का पोचलं नाही? अमेरिकेत 2005 साली औषध नियामकाच्या सल्लागार समितीने मंजुरीबाबत हात आखडता घेतला, युरोपातला अर्ज 2007 साली मागे घेतला गेला. पुढे नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या रुग्णालयाने त्याचा वापर पुन्हा सुरू केला. दरम्यान प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन हेरणारं पेट स्कॅन आलं. ते एका फेरीत सगळं शरीर पाहतं आणि बऱ्याच रुग्णांना तेवढं पुरतं. दोन-तीन मिलिमीटरच्या ग्रंथीपुढे मात्र पेटची नजर अंधूक होते. लोहही अगदी निरुपद्रवी नाही. त्याच कुळातलं फेरुमॉक्सिटॉल अमेरिकेत 2009 साली मंजूर झालं, तेही मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या लोहाच्या कमतरतेवर. 2015 साली त्यावर जीवघेण्या ॲलर्जीचा ठळक इशारा छापावा लागला. ते आता संथपणे, रुग्णावर नजर ठेवून देतात. ज्यांना एमआरआयमधलं नेहमीचं द्रव्य गॅडोलिनियम देता येत नाही, अशांच्या तपासणीसाठीही काही रुग्णालयं पांडुरोगाचं हेच औषध वापरतात.